नळाच्या आधी

'नळ आला आणि नारू गेला,' असे आमचे सरपंच भर सभेत सांगतात. साफ खोटे. पायातून दोऱ्यासारखा निघणारा तो जंत घालवला, सोलापूरहून सायकलवर येणाऱ्या साथरोग खात्यातल्या तरुणाने. बारवेच्या पायरीवर बसून तो प्रत्येक घागरीच्या तोंडाला दुहेरी फडके बांधायला लावी आणि घरोघरचे दुखरे पाय वहीत टिपून घेई.

"एवढं शिकून हेच काम व्हय रं?" माझी आई विचारी.

"हेच, मावशी. रोग गेला की आम्हाला कुणी ओळखत नाही. तीच आमची बढती," म्हणून तो खळखळून हसे.

एका वर्षी त्याची वही कोरीच राहिली, तेव्हा त्याने गावभर पेढे वाटले. पेढा खाताना मी स्वतः पाहिले आहे : नळासाठी गावात साधा चरसुद्धा खणलेला नव्हता.