प्रदर्शनाच्या मागची गल्ली आणि मंगलाताई

आमची सोसायटी बडोद्याच्या प्रदर्शन केंद्राच्या अगदी मागे. मधे एक भिंत आणि एक कडुनिंब, बस्स. वर्षभर तिकडे काही ना काही चालूच असतं. फर्निचर, फुलं, मशिनरी, लोणची-पापड. त्यामुळे आमच्या गल्लीत धुणं वाळायला वेळ लागेल, पण किस्सा घडायला लागत नाही.

त्यातले निम्मे माझ्या शेजारच्या मंगलाताईंचे. मिस्टर गेल्यापासून त्या एकट्याच. पुण्याचा मुलगा हेमंत सारखा म्हणायचा, "आई, घर विकू, तू कायमची इकडे ये." ताईंना बडोदं सोडायचं नव्हतं, आणि मुलाला तोंडावर नाही म्हणणंही जमत नव्हतं. मला हे सगळं माहीत, कारण आमचा ओटा एकच. मधे फक्त जाळी आहे.

*

प्रदर्शन लागलं की गल्लीभर गाड्या. एकदा एका पांढऱ्या गाडीने ताईंचं फाटकच अडवलं. ताई पदर खोचून मालकाला शोधायला हॉलमध्ये गेल्या, त्या तासाभराने परत आल्या.

"नडियादचे आहेत गं. सुनेला जुळे झालेत. एकाला कावीळ होती, आता बरी आहे."

"आणि गाडी?"

"अगं बाई, ते विचारायचं राहिलंच!"

*

माझ्या भाचीला बघायला रावपुऱ्याची मंडळी येणार होती. मे महिना, आणि नेमका माझा कूलर बिघडला.

"हॉलमध्ये एसी आहे ना," ताई म्हणाल्या, "तिथेच बसवू."

फर्निचरच्या स्टॉलवर दोन्हीकडची माणसं समोरासमोरच्या सोफ्यांवर बसली. मुला-मुलीला बोलायला कोपऱ्यातलं डायनिंग टेबल दिलं. थोड्या वेळाने सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं, तसा स्टॉलवाला हात चोळत पुढे आला.

"मग बेन, फायनल?"

"फायनल," ताई म्हणाल्या. "मुलगा पसंत आहे. सोफ्याचं नंतर बघू."

*

मशिनरीचं प्रदर्शन असलं की आमच्यापैकी कोणी फिरकत नाही. ताई मात्र निघाल्या, मलाही घेऊन. मी विचारलं, तुम्हाला व्हॉल्व्ह आणि पंप काय करायचेत?

"आमच्या ह्यांनी जन्मभर कोयलीच्या रिफायनरीत हेच फिरवलं. एकदा बघू तरी कसं असतं."

एका स्टॉलवर भला मोठा व्हॉल्व्ह होता. त्याचं चाक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, थोडं फिरवलं, पुन्हा होतं तसं करून ठेवलं.

"ह्याच्यासाठी रविवारीसुद्धा जायचे," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगत होत्या, की रिफायनरी चालवणं म्हणजे गंमत नाही.

*

ताईंच्या पुण्याच्या जाऊबाई आल्या होत्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "तुमच्या बडोद्यात बघण्यासारखं असं आहे तरी काय?"

झालं. ताईंनी त्यांना सकाळीच कमाटीबागेत नेलं, म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा दाखवला. मग राजवाडा, मांडवी, सूरसागर. मधे उभ्या उभ्या सेवउसळ. संध्याकाळी प्रदर्शन. तिथे जाऊबाईंनी एका बाकावर बसून चपलाच काढल्या.

"अजून मागचा हॉल राहिलाय," ताई म्हणाल्या.

"राहू दे. पुण्यात काही नाही. लिहून देते."

*

आणि मग या हिवाळ्यात हेमंत आईला न्यायलाच आला. दोन तिकिटं काढूनच. ताईंनी मुकाट्याने बॅग भरली. मला म्हणाल्या, "गाडी संध्याकाळची आहे. तोवर प्रदर्शनात एक चक्कर मारू." मीही गेले. न जाऊन कसं चालेल?

हेमंत सगळा वेळ फोनवर. मसाज चेअरवाल्याने हाक मारली, "भाई, बे मिनिट बेसो, फ्री डेमो छे." ताईंनी त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि त्याला बसवलं. पोरगा बघता बघता घोरायला लागला.

लोक जमले. चेअरवाल्याला आनंद मावेना. ताई शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून येईल त्याला सांगत होत्या, "हळू बोला. माझा मुलगा आहे. तिकडे झोप मिळत नाही त्याला."

मी घड्याळ दाखवलं. ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. मी पुन्हा दाखवलं, तर त्या दुसरीकडेच बघायला लागल्या.

हेमंत दचकून उठला. "किती वाजले?"

"गाडी गेली."

"आई! उठवलं का नाहीस?"

"कसं उठवणार रे? लहानपणी झोपायचास तसा झोपला होतास."

तो आईकडे बघत राहिला. मग तिच्या हातातून फोन घेऊन बायकोला लावला. "मी उद्या येतो. नाही गं... एकटाच."

फोन त्याने परत आईच्या हातात दिला, पाय लांब केले आणि चेअरवाल्याला म्हणाला, "भाई, पुन्हा चालू करो ने."