कागदाला न लागणारा गळ

उकंडरावांच्या शेततळ्याला भोक मी पाडलं. हे लिहायला मला दहा महिने लागले. तोंडाने कबूल करायला तीनच दिवस लागले होते, पण ते तीन दिवस फार महागात पडले असते.

झालं ते असं. धामणगाव बढेच्या पोस्टात मी एकवीस वर्षं काउंटरवर बसलो. उकंडराव तिथलेच शेतकरी, आणि आमची ओळख डिंकामुळे झाली. सरकारी डिंकाने पाकीट चिकटत नाही हे देशातल्या सगळ्यांनाच माहीत होतं, पण बाभळीचा डिंक शिजवून, त्यात कसलीशी पूड घालून, बाटली आणून काउंटरवर ठेवणारा हा एकच माणूस निघाला. मी निवृत्त होऊन बुलढाण्याला राहायला आलो, तरी महिन्यातून एकदा त्यांच्या मळ्यात चक्कर असतेच.

त्यांच्या आधीची दोन भावंडं गेली, म्हणून हे जन्मल्यावर आईने यांना उकिरड्यावर लोळवलं आणि नाव उकंडा ठेवलं. माझा असा समज आहे की टाकून दिलेल्या वस्तूंशी त्यांचं नातं त्याच दिवशी जुळलं. मोडकी छत्री, फुटका ड्रम, बंद पडलेलं शिलाई मशीन, यांतलं काहीही त्यांच्या अंगणातून बाहेर जात नाही. सातवी शिकलेत. वय त्रेसष्ट. गळ्यात माळ आहे, महिन्याच्या एका गुरुवारी शेगावला दर्शनाला जातात. मासा खाणं तर सोडाच, माशाचा वास आला तरी उपरणं नाकाला लावतात.

आणि अशा माणसाच्या शेततळ्यात तीनशे मासे होते.

त्याचं कारण लिंबं. मळ्यात लिंबाची दोनशे चाळीस झाडं आहेत आणि त्यांचा उन्हाळा त्या एका तळ्यावर निघतो. तळं म्हणजे जमिनीत खोदलेला मोठा चौकोनी खड्डा, आत जाड काळं प्लॅस्टिक अंथरलेलं. त्या प्लॅस्टिकला सगळे ‘कागद’ म्हणतात. पाण्यात शेवाळ झालं की ठिबकची भोकं बुजतात. शेवाळ खायला म्हणून उकंडरावांनी मासे सोडले. माशांनी काम चोख केलं, पाणी आरशासारखं ठेवलं आणि शेवाळ खाऊन खाऊन स्वतः दीड-दीड किलोचे झाले. आता एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की एवढे मासे त्यात मरणार, पाणी सडणार, ठिबक बंद पडणार आणि जूनच्या तोंडावर झाडं वाळणार. म्हणजे त्याआधी मासे काढायलाच हवेत. जाळं ओढावं तर जाळ्याला खाली बांधलेल्या शिशाच्या वजनांनी कागद फाटतो. शेजारच्या मळ्यात तसा फाटलेला त्यांनी स्वतः पाहिला होता. राहिला गळ.

त्यात बाष्पीभवन थांबावं म्हणून त्यांनी सगळ्या तळ्यावर तारा ताणून जुनी हिरवी जाळी अंथरली होती. एका कोपऱ्यात दाराएवढी फट, तिच्यावर आडवी फळी. त्या फळीवर बसायचं आणि फटीतून खाली पाहायचं.

ते पाहून मला माझा पुतण्या चिन्मय आठवला. तो कॅनडात असतो. तिकडे थंडीत तळी गोठतात, आणि लोक बर्फाला भोक पाडून, स्टुलावर बसून, हातभर काडीने मासे धरतात. त्याने पाठवलेला व्हिडिओ मी उकंडरावांना दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले की त्यांचं छप्पर आपोआप होतं, आपल्याला जाळी विकत घ्यावी लागते. काडी मात्र त्यांना आवडली. मी लगेच चिन्मयला फोन लावला. माझा उत्साह हा नेहमी दुसऱ्याच्या खर्चाने असतो असं माझी बायको सुलभा म्हणते. मार्चमध्ये काडी आली. रंगीत, हलकी, तिला छोटंसं चाक आणि दोरीच्या टोकाला असा गळ की नुसता पाहिला तरी ओठ दुखावा.

उद्घाटन अर्थातच माझ्या हस्ते. उकंडराव मोटर बघायला गेले होते, मी फळीवर बसलो आणि दोरी सोडली. खाली काहीतरी लागलं. मी ओढलं. ते येईना. मी चिन्मयच्या व्हिडिओतल्या माणसासारखा मागे रेलून झटका दिला. गळ सुटून वर आला आणि त्याच्या टोकाला नखाएवढा काळा, तिकोनी तुकडा होता.

पोस्टात मी एकवीस वर्षांत एक पत्र गहाळ केलं नाही. तो तुकडा मात्र मी शर्टाच्या खिशात टाकला. उकंडराव आल्यावर विचारते झाले, काही लागलं का. मी म्हणालो, गाळ लागला.

बुलढाण्याला परतलो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम फोन केला, हवापाण्याचं विचारायला. हवेचं सोडून उकंडराव पाण्याचंच बोलले. रोज एक बोट उतरणारं पाणी तीन बोटं उतरलं होतं. ऊन वाढलं असेल, असं मीच सुचवलं. त्यांना ते पटलं नाही. त्यांचा संशय उंदरांवर होता.

तिसऱ्या दिवशी मी सकाळच्या बसने मळ्यात पोहोचलो. उकंडराव तळ्याच्या बांधावर कुदळ घेऊन उंदरांची बिळं खणत होते. कालपासून खणत होते. बांधाची एक बाजू त्यांनी एकट्याने उकरून काढली होती, आणि सापडलं होतं एकच जुनं, रिकामं बीळ. पंचफुलावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, “भाऊजी, तुमीच सांगा याईले. दोन दिवसांपासून बिचाऱ्या उंदरायले शिव्या देऊन राह्यले.”

मी खिशातून तुकडा काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. म्हणालो, “उकंडराव, तो गाळ नव्हता.”

त्यांनी तुकडा बोटांनी चोळून पाहिला. कुदळ बाजूला ठेवली. मी मान खाली घालून उभा. तीस वर्षांची मैत्री आता कशी संपेल, शिवी देऊन की न देता, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात चालला होता. त्यांनी विचारलं, “दोरी किती सोडली होती?”

आता या एका बाबतीत मी उपयोगी माणूस आहे. तिकिटं मोजून मोजून मला मोजायची खोड लागली आहे. जिना चढतो तेव्हा पायऱ्या मोजतो. चाकाचे वेढेही मोजले होते. “चौदा,” मी म्हणालो.

“बसा मंग तसेच.”

मी फळीवर तसाच बसलो. उकंडरावांनी त्याच काडीचा गळ कापून टाकला, त्याजागी नट बांधला आणि मला चौदा वेढे सोडायला लावले. नट उतारावर जिथे टेकला तिथे भोक असणार, हे मलाही कळलं. पण पाण्याखालचं बारीक भोक दिसणार कसं? त्यांनी विहिरीत टाकायची लाल दवा पाण्यात कालवली, ठिबकच्या केसासारख्या बारीक नळीतून त्या नटाजवळ सोडली आणि दोघांनी फटीतून खाली डोकं घातलं. लाल रंग थोडा पसरला, मग त्याची एक शेवई झाली, आणि ती शेवई एका जागी जाऊन नाहीशी होऊ लागली.

“ते पाहा, तुमचा गाळ,” उकंडराव म्हणाले. त्या दिवसभरात त्यांनी मला एवढंच बोलून दाखवलं.

मग कमरेला दोर बांधून ते स्वतः उतरले. कागदाचा उतार शेवाळाशिवायही निसरडा असतो. आत गेलेला माणूस आपल्या हाताने वर येऊ शकत नाही, म्हणून दोराचं दुसरं टोक कडुलिंबाला बांधलं होतं. माझ्या हातातही दिलं होतं, ते मला बरं वाटावं म्हणून. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा ताटलीएवढा तुकडा त्यांनी भोकाजवळ नेला. बाहेर पळणाऱ्या पाण्यानेच तो खेचून घेतला आणि चिकटवून टाकला. वर वाळूची पिशवी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. पाणी एक बोट उतरलं होतं. मी देवापुढे साखर ठेवली. सुलभाने कारण विचारलं, तेव्हा तिलाही सगळं सांगावं लागलं. तिला हसू आवरायला तीनापेक्षा जास्त दिवस लागले.

पण तीन दिवसांत गेलेलं पाणी गेलंच होतं. म्हणजे मासे काढायचे दिवस आता आणखी जवळ आले. दुसरा कोणी असता तर ती परदेशी काडी त्याने चुलीत घातली असती. उकंडरावांनी ती ओट्यावर सुटी केली. पुढे महिनाभर मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा ते तिच्यासमोर बसलेले असायचे.

एकदा ते मला म्हणाले, “ते लोक भोक पाडल्याशिवाय सुरूच करत नाहीत, भाऊ. आपल्याले भोक पाडायचंच नाही. मंग त्याईचं सामान आपल्या कामाचं कसं?”

एवढं समजायला माझ्यासारख्याला तळं फाडावं लागलं.

त्यांनी पत्र्याचा एक उतार केला, तळ्याच्या उताराएवढाच तिरपा, आणि त्याच्यावर जुन्या कागदाचा पट्टा ठोकला. त्याच्यावरून गळ ओढायचा. एक गळ शंभर वेळा. एकदा जरी कागदाला ओरखडा आला तरी तो गळ बाद. अंगणात दिवसभर तो खरखर आवाज. वहिनी म्हणायच्या, “घरात लग्नाचं पोरगं नाही म्हून बरं, सोयरे वाटेतूनच परतले असते.” बारा गळ बाद झाले. तेरावा सायकलच्या तारेचा होता. त्याचं टोक आतल्या बाजूला वळलेलं, आपण मूठ वळतो तसं. आणि त्याला उलटा काटा नव्हता, कारण माळकरी माणसाला मासा हवा होता तो जिवंत. धरून, ड्रममध्ये घालून, गावतलावात सोडायचा. माशाच्या ओठाच्या जागी त्यांनी पिकलेली केळी वापरून पाहिली. केळ्याला जखम होऊ नये, इथपर्यंत गळ घासला.

तेवढ्यावर थांबले नाहीत. जड शिशाऐवजी ठिबकच्या नळीचा तुकडा, आत वाळू, दोन्ही टोकं वितळवून गोल केलेली. गळाच्या मागे थर्माकोलचा मणी, म्हणजे वजन तळाशी आणि गळ वीतभर वर तरंगता. चाकाऐवजी शिलाई मशीनची बॉबिन. शेंड्याला लवचीक काही हवं होतं. एका दुपारी मी निघालो तेव्हा माझी छत्री जरा सैल वाटली. उघडली तेव्हा एका बाजूने ती बसून गेली. एक काडी गायब होती. बोलायचा अधिकार मी मार्चमध्येच घालवला होता. त्या काडीच्या टोकाला त्यांनी बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू बांधलं. मासा लागला की वाजायचं. माणसाने फटीत डोकं घालून बसायची गरज नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अशा सहा काड्या फळीवर रांगेने बसल्या. घुंगरू वाजलं की उकंडराव उठायचे, मासा अलगद वर घ्यायचे, त्याच्या तोंडातून गळ काढताना काहीतरी पुटपुटायचे. मी जवळ जाऊन ऐकलं. माशाला ते म्हणत होते, “झालं, झालं.”

ड्रम बैलगाडीतून गावतलावाकडे जायचा. घरून निघताना त्यात बारा मासे असले तर तलावावर अकरा भरायचे. अंगणाच्या पलीकडे वहिनींची वेगळी चूल आहे. वहिनींच्या गळ्यात माळ नाही. उकंडराव हे सगळं ओळखून आहेत, पण त्या एका हिशेबात ते कधी शिरत नाहीत. उलट त्या दिवशी ते जेवायला जरा उशिरा येतात, वास निवला की.

मेच्या मध्यापर्यंत तळ्यात पंधरा-वीस मासे उरले, पाणी स्वच्छ ठेवण्यापुरते. कागदावर नवा ओरखडा एकही नाही. जूनच्या एकोणीस तारखेला पाऊस लागला तेव्हा तळ्यात कमरेएवढं पाणी होतं, आणि दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस झाडं हिरवी होती. मी प्रत्येक झाड मोजलं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

चिन्मय मे महिन्यात सुट्टीवर आला होता, जाताना त्यातल्या दोन काड्या घेऊन गेला. परवा, जानेवारीत, त्याचा फोटो आला. सगळीकडे पांढरं, मधे एक काळं भोक, त्याच्यावर सायकलची तार, शिलाईची बॉबिन, माझ्या छत्रीची काडी आणि धामणगावच्या बैलाचं घुंगरू. खाली लिहिलं होतं की हातमोजे घालूनही बॉबिन फिरते, तंबूत बसून घुंगरू ऐकू येतं, आणि शेजारचे तिघे विचारताहेत की ही काडी कुठे मिळते.

फोटो घेऊन मी त्याच दिवशी मळ्यात गेलो. उकंडरावांनी तो मोठा करून पाहिला. घुंगरावर बर्फ बसलाय, त्याला तेल लावायला सांगा, एवढंच म्हणाले. ओट्यावर ते आणखी एक काडी जुळवत होते. ही जरा आखूड होती, मूठ जाड, आणि तिच्या गळाचं टोक तर इतकं आत वळलेलं की त्याला मासा लागेल की नाही याचीच शंका यावी.

एवढी माया, एवढी चिकाटी, हे सगळं या माणसाने कुठून आणलं असेल. मी विचारलं, “उकंडराव, अजून चार काड्या आहेत, मासेही फार उरले नाहीत. मग ही एवढी जपून कोणासाठी?”

त्यांनी मान वर न करता सांगितलं, “तुमी पुन्हा येसान म्हून.”