हमीदचाचांचे पिंपळ

पिंपळाच्या रोपाला हात लावण्याआधी हमीदचाचा त्याच्याशी बोलत. थापी खाली ठेवत, भिंतीवर बोटाने टकटक करत आणि हळूच म्हणत, "भाऊ, मी तुले मारी नही ऱ्हायनू. फक्त तुन्ही जागा बदली ऱ्हायनू." मग मागे वळून घरच्यांना विचारत, "घरमा कोनी आजारी नही ना?" उत्तर मिळेपर्यंत छिन्नी उचलत नसत.

चाचा गवंडी. पण नंदुरबारच्या आमच्या गल्लीत त्यांना खरी मागणी असे ती याच कामासाठी. भिंतीत पिंपळ उगवला की भिंत फुटते, हे सगळ्यांना कळतं. पण पिंपळ उपटला की वंश बुडतो, हे त्याहून पक्कं ठाऊक. मग हिंदू घरांतून चाचांना बोलावणं जाई. तुमच्यात कुठे हे मानतात, असं म्हणून काम त्यांच्या गळ्यात घातलं की आम्ही मोकळे. मला दिवस गेले होते तेव्हा आमच्या न्हाणीघराच्या भिंतीतला पिंपळ त्यांनीच काढला. त्याची सावलीसुद्धा माझ्यावर पडू नये म्हणून सासूबाईंनी मला आतल्या खोलीत कोंडलं होतं.

त्यांच्यात मानत नसतील. चाचा मात्र मानू लागले होते. इतक्या घरांची भीती ऐकून ऐकून ती त्यांच्याही अंगात मुरली होती. काढलेलं एकही रोप त्यांनी फेकलं नाही. तेलाचे रिकामे डबे, रंगाच्या बादल्या, फुटका माठ, मिळेल त्यात माती भरून ते रोप लावत आणि आपल्या गच्चीवर ठेवत. त्यांची बीबी वैतागे, साऱ्या गावाची पीडा आमच्याच डोक्यावर का, म्हणे. पावसाळ्यात थोडे डबे तापीकाठी नेऊन रोपं जमिनीत लावत, तोवर नवी आलेली असत. पाणी घालायला कधी चुकले नाहीत. एखादं पान पिवळं पडलं तर त्या दिवशी मुलांची कपाळं पुन्हा पुन्हा चाचपून बघत. डब्यातलं झाड नीट ठेवायचं तर मधूनमधून डबा उचलून बुडाची मुळं छाटावी लागतात. तेवढं करायला मात्र चाचा धजत नसत.

आणि तेच नडलं. एका डब्यातलं मूळ बुडाच्या भोकातून उतरून स्लॅबच्या चिरेत शिरलं. खालच्या खोलीत त्यांची मुलगी रुखसाना पहिल्या बाळंतपणाला आलेली. एका सकाळी छताचा मोठा पोपडा तिच्या उशाशी पडला. तिला हलवायला घरात दुसरी खोली नव्हती. चाचा छिन्नी घेऊन माझ्या दारात आले.

"बेटी, दुसरासना घरना मी काढी देस. मन्हा घरना काढाले मन्हा हात उठत नही. तू काढशी का?"

सासूबाईंनी मागून माझा पदर ओढला. एकुलता एक पोरगा आहे तुला, त्या कानाशी म्हणाल्या. मला का ते ठाऊक नव्हतं? पण रुखसानाचं अवघडलेलं चालणं मी आदल्याच दिवशी पाहिलं होतं. गेले. चाचा जिन्यातच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मूळ बोटाएवढं जाड होतं. छिन्नी घसरत होती आणि प्रत्येक घावाला मी मनात मुलाचं नाव घेत होते. शेवटी निघालं. रोप तिथेच ठेवायचं म्हणजे पुन्हा तीच गत, आणि फेकायची माझी छाती नव्हती. बादलीत लावून मी ते घरी आणलं.

रुखसाना सुखरूप बाळंत झाली. त्याच आठवड्यात माझा मुलगा तापाने फणफणला. सासूबाईंनी अंगणातल्या बादलीकडे बोट दाखवलं.

कळताच चाचा आले. मुलाला बघायलाही न थांबता थेट अंगणात गेले आणि बादली उचलू लागले. मी धावत जाऊन दुसरी कड धरली.

"सोड बेटी. माले सवय शे, तुले नही."

"तुम्हना घरमा तान्हं बाळ शे, चाचा. ऱ्हाऊ द्या."

एकाच बादलीला धरून आम्ही दोघं उभे होतो. शेवटी त्यांनी आपला हात काढला. "मंग मी आठेच बससू," म्हणाले आणि आमच्या पायरीवर बसले. ताप साधाच होता, डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतरला. तो उतरेपर्यंत चाचा जेवायला तेवढे घरी जात.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. वय झालं होतं. त्यांच्या गच्चीवरचे डबे मुलांनी तापीकाठी नेऊन मोकळे केले. माझ्याकडचा पिंपळ अजून बादलीत आहे. त्याची मुळं मी छाटते, आणि छाटताना आजही घाबरते. मुलगा आता कॉलेजात जातो. त्याला साधी शिंक आली तरी मी आधी पायरीकडे बघते. तिथे कुणी नसतं.