दोन पाण्यांनी धुतलेली ज्वारी

मी चौथी शिकले. अक्षरं लावून वाचता येतं, पण पान संपेपर्यंत वरचं विसरते. म्हणून नातीनं मोबाईलमध्ये वाचून दाखवणारी पुस्तकं घालून दिली तेव्हा मला लाज वाटली. दुसऱ्यानं वाचायचं आणि आपण ऐकायचं, याला काय वाचणं म्हणायचं? ती लाज आठ दिवसांत गेली. आता जी सांगते ती गेलेली नाही.

सकाळी मी घरामागच्या सांदवाडीत निंदायला बसते. वांगी, थोडी मिरची, पालक आणि एक निंबूचं झाड. मोबाईल पिशवीत घालून निंबूच्या फांदीला अडकवायचा आणि आवाज मोठा करायचा. मी खुरपत पुढे सरकले की उकरलेल्या मातीत किडे टिपायला सातभाई यायचे. होल्यांची एक जोडी मी ठेवलेल्या मातीच्या पसरट परळातलं पाणी प्यायला अगदी हाताच्या अंतरावर उतरायची. तरुणपणी याच पाखरांना मी ज्वारीवरून गोफणीनं हाकललं. म्हातारपणी ती आवडायला लागली यात मोठेपणा काही नाही. आता राखण मला करावी लागत नाही, एवढंच.

कुंपणापलीकडची शेजारीण माझ्या सुनेच्या वयाची. तिला शाळा मुळीच नाही. ती भांडी घेऊन कुंपणाशी बसायची आणि ऐकायची. पुस्तक एका बाईचं होतं, घर सोडून बोटीवर स्वयंपाकाला निघालेल्या. आम्ही दोघींनी समुद्र पाहिलेला नाही. मी मध्येच बंद केलं की ती ओरडायची, "मावशी, चालू ठेवा ना वो! ते बोटीवर चढली का नाही ते तं कळू द्या."

त्या सकाळी शेजारीण शेतात गेलेली होती. सुनेनं ज्वारीचं उरलेलं बियाणं माझ्यापुढे आणून ठेवलं. मुलानं जनावरांच्या चाऱ्यापुरती ज्वारी पेरली होती, त्यातलं. सून काहीतरी बोलली. पुस्तकातली बाई तेव्हा नवऱ्याला चिठ्ठी लिहीत होती. मी नुसतं "हूं" म्हटलं.

बियाणं गुलाबी होतं. औषध लावलेलं असतं हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ओंजळ-दोन ओंजळ धान्य फेकायला माझा हात होत नाही. दोन पाण्यांनी धुतलं. रंग गेला, म्हणजे औषध गेलं असं मी धरलं आणि पाखरांना परळात टाकलं.

दुपारी होल्यांची जोडी निंबूखाली पडलेली होती. एक सातभाई वांग्याच्या वाफ्यात. बाकीचे सातभाई त्याच्याभोवती ओरडत होते.

माझ्या डोक्यात पहिलं आलं ते शेजारणीचं. तिनं कुंपणापलीकडे विकायला लावलेल्या चवळीवर फवारा मारला होता. तशीच उठून नळावर गेले. तिथं ती होती आणि गावातल्या चार बाया होत्या.

"पाखरं मारून काय भेटलं वो तुले?"

"मी तं चार दिवसांआधी मारला फवारा, मावशी. तवा नाही मेले, आज कसे मेले?"

"मले शिकवू नको."

एक बाई बोलली, "हिची चवळी खाल्ली तं उद्या लेकरंबी तशीच पडतीन." मी तिला थांबवलं नाही. मला तेव्हा बरंच वाटलं.

संध्याकाळी सुनेनं विचारलं, "आई, सकाळी सांगितलं ते बियाणं पुरलं ना खोल?"

तेव्हा कळलं. मी म्हटलं, "पुरलं." मग मागे जाऊन परळ घासून घासून धुतलं.

बारा दिवस गप्प राहिले. शेजारणीची चवळी गावात कोणी घेईना. शेंगा वेलावरच जून होताना मला कुंपणातून दिसत होत्या. ती भांडी घेऊन पुढच्या अंगणात बसायला लागली. मी मोबाईल लावला नाही. पाखरांचं दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर त्यापेक्षा मला नळावरच्या बायांची भीती जास्त वाटत होती.

तेराव्या दिवशी कुंपणाशी जाऊन तिला हाक मारली आणि सगळं सांगितलं. ती खाली बघून ऐकत राहिली.

मग म्हणाली, "मले तुमी चार बायांत बोलल्या, मावशी. अन् चूक सांगाले मांगच्या कुंपणाशी आल्या."



दुसऱ्या दिवशी पाण्याची रिकामी गुंडी घेऊन नळावर गेले. त्याच बाया होत्या, तीही होती. मी म्हटलं, "पाखरं मी मारली. औषधाची ज्वारी धुऊन टाकली मी. हिचा फवारा नव्हता. मले त्याच दिवशी समजलं होतं, पण मी बोलली नाही."

लेकरं पडतीन म्हणणाऱ्या त्याच बाईनं तोंडाला पदर लावून म्हटलं, "बुढीनं ज्वारी धुतली!" आणि सगळ्या हसल्या. शेजारीण हसली नाही. तिनं गुंडी भरली, डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

आता तिची चवळी पुन्हा खपते. ती कुंपणाशी आलेली नाही. सातभाई येतात, मी पाणी ठेवते, दाणे टाकत नाही. आज सकाळी मोबाईल पुन्हा निंबूला अडकवला आणि पुस्तक आम्ही सोडलं होतं तिथून लावलं. आवाज तिच्या पुढच्या अंगणात जाईल एवढा मोठा केला. तिकडे भांड्यांचा आवाज चालू होता. बाई बोटीवर चढायच्या वेळेला तो थांबला.