आधी बातमी, मग बंधारा

आमच्या गावचा वनराई बंधारा शुक्रवारी बांधला गेला आणि त्याची बातमी बुधवारी छापून आली.

यात माझा दोष फारसा नाही. (घरात हे वाक्य मी हळू आवाजात म्हणतो.) धाड गावाच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं, आणि या गावाचा अधिकृत वार्ताहर मी. पोटापाण्याला झेरॉक्सचं दुकान आहे. वार्ताहरकी ही निव्वळ समाजसेवा. जिल्ह्याच्या पेपराला बातमी दुपारी चारच्या आत लागते आणि गावातला कुठलाही कार्यक्रम प्रमुख पाहुणे आल्याशिवाय, म्हणजे सहाच्या आत, सुरू होत नाही. आता या दोन वेळांचा मेळ माणसानं घालायचा कसा? मी तो वीस वर्षं एकाच पद्धतीनं घालत आलोय. कार्यक्रम व्हायच्या आधीच बातमी पाठवून मोकळं व्हायचं! 'उत्साहात संपन्न' हे शब्द माझ्या मोबाइलमध्ये 'उ' दाबला की आपोआप उमटतात. रांगोळी स्पर्धा, जयंती, जनावरांचं लसीकरण, सगळं उत्साहात संपन्न. (जनावरांना विचारलं नाही.) एकदा तर पाहुणे आलेच नाहीत, तरी त्यांचं 'ओघवतं भाषण' छापून आलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आभार मानत होते!

यंदा अडचण एवढीच झाली की गावची सरपंच माझी बायको होती.

वनिता पहिल्यांदाच निवडून आलेली, आणि बंधारा हे तिचं पहिलं काम. गावाची विहीर नाल्याच्या काठावर आहे. दिवाळी झाली की नाला आटतो, त्याच्या मागोमाग विहीर आटते आणि गावच्या बाया हंडे घेऊन दुसऱ्याच्या मळ्यात जातात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती-माती भरायची, तोंडं शिवायची आणि नाल्यात आडवी भिंत रचायची, की पाणी अडतं. साधं काम. पण उपसरपंच गजाननभाऊ चहाच्या हॉटेलात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वार्ताहराची बायको हाये बापा! तिचं काम पेपरातच दिसन!"

हे तिच्या कानावर आलं. त्या दिवशी आमच्या घरी भाकरी थापल्याचा आवाज शेजारच्या गल्लीत गेला.

"हे पाहा," वनितानं मला बजावलं, "बंधारा झाल्यावरच बातमी लेहाची. आधी नाई."

"हाव," मी म्हणालो.

मंगळवारी तीन वाजता श्रमदान ठरलं. मी बारा वाजता बातमी पाठवली. (हात सवयीचा गुलाम असतो हो!) आणि ती अशी तशी नव्हती. बायकोचं पहिलं काम, मी जीव ओतला. 'गाव एकवटलं, पाणी अडलं!' असा मथळा दिला. खाली बेचाळीस जणांची नावं. ती मी तीन वर्षांपूर्वीच्या स्वच्छता मोहिमेच्या बातमीतून जशीच्या तशी उतरवली. 'ज्येष्ठ नागरिक तुकाराम आबा यांनी पहिली कुदळ मारली. उपसरपंच गजाननभाऊ यांनी डोक्यावरून पोती वाहिली.' आणि शेवटी अगदी विनयानं, 'प्रस्तुत वार्ताहरानेही छातीएवढ्या पाण्यात उभे राहून पोती रचली.'

अडीच वाजता आभाळ भरून आलं.

सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, शेतात गंजी लागलेल्या. अख्खं गाव ताडपत्र्या घेऊन शेताकडे पळालं. तीन वाजता नाल्यावर आम्ही पाच जण होतो: वनिता, मी, ग्रामपंचायतीचा शिपाई आणि फोटोसाठी इस्त्रीचे कपडे घालून आलेले दोन सदस्य. आभाळ एक थेंबही न सांडता निघून गेलं, पण पाचपर्यंत कुणी परतलं नाही. "आता रविवारी पाहू," वनिता म्हणाली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "बातमी नाई ना पाठवली?"

"छे!" मी म्हणालो आणि आडोशाला जाऊन बातमी थांबवायला पेपरच्या ऑफिसात फोन लावला.

"पान लागलं, आता काही काढता येत नाही," तिकडून उत्तर आलं. "पण बातमी झकास आहे बरं का!"

बुधवारी सकाळी मी स्टँडवर जाऊन गावात येणारे सातही पेपर विकत घेतले. घरी येऊन ते कपाटावर ठेवतो न ठेवतो, तोच वनिता मोबाइल घेऊन पुढे उभी राहिली. धाडहून कुणीतरी टाकलेलं कात्रण गावाच्या ग्रुपवर फिरत होतं. खाली अंगठे, हार, टाळ्या.

"छातीएवढं पाणी?" तिनं विचारलं. "नाल्यात गुडघाभर बी नाई!"

"तसं नाही गं, भाषेच्या ओघात..."

"अवो, गजाननभाऊ काय बोलले होते? पेपरातच दिसन! आन् तुमी ते खरं करून दाखोलं! काऊन केलं तुमी असं?"

तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण ती हरल्यासारखी बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पंचायत समितीतले साहेब बोलत होते. बातमी वाचून भारावून गेले होते. शनिवारी तालुक्यातले आणखी दहा-बारा सरपंच घेऊन बंधारा पाहायला येणार होते!

मी खाणाखुणा करून सांगत होतो, ताप आला म्हण, गावात लग्न आहे म्हण. वनितानं माझ्याकडे पाठ फिरवली.

"या साहेब," ती फोनवर म्हणाली. "बंधारा दिसन तुमाले."

फोन ठेवला, डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाली, "त्या पेपरातलं कात्रण द्या इकडं. अन् दुकान बंद करून माह्यासंगं चला."

त्या दिवशी आम्ही घरोघर फिरलो. पुढे सरपंच, मागे आरोपी. पहिलं घर तुकाराम आबांचं. आबा खाटेवर बसून ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना मोबाइलवर कात्रण दाखवत होते.

"मेहकरहून पोरीचा फोन आलता," आबा म्हणाले. "म्हणे, बाबा, या वयात कुदळ मारली तुमी!"

"मंग मारली का आबा?" वनितानं विचारलं.

आबांनी मोबाइल उशीखाली सरकवला. मग म्हणाले, "कवा मारू सांग. पोरीले खोटं सांगतलं म्या."

सलीमभाई ट्रॅक्टरवाल्यांचं नावही यादीत होतं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "पत्रकारसाब, छापायच्या आधी विचारत तरी जा! आता आलोच पाह्यजे. ट्रॉली बी आणतो, चलो!"

यादीत एक विलासही होता. दोन वर्षांपासून पुण्यात नोकरीला! बातमी वाचून त्याची आई त्याच्यावर बरसली होती, की गावात येऊन पोती उचलून गेलास आणि घरी तोंड नाही दाखवलंस? त्यानं मला फोनवर काय काय सुनावलं ते इथं देता येत नाही. पण शुक्रवारी सकाळच्या एसटीनं तो उतरला. आईची समजूत काढायची तर यादीत नाव आहे तिथं हजर राहावं, असं त्याला वाटलं असावं.

खरी परीक्षा गजाननभाऊंच्या दारात होती. भाऊ ओट्यावर उभे. मी वनिताच्या मागे, जमेल तितका बारीक होऊन.

"कसा बंधारा, सरपंचबाई? पाणी अडलं म्हणतेत," भाऊ हसत म्हणाले.

"तुमीच वाहिली ना पोती, भाऊ," वनिता म्हणाली. "सकाळपासून तुमच्या स्टेटसले हाये."

भाऊंचं हसू गेलं. स्टेटस खरंच होतं! वर 'सेवा हाच धर्म' असं लिहून उंद्रीच्या सासऱ्यांपासून सगळ्या सोयऱ्यांना गेलेलं.

"काढून टाकू का मंग?" भाऊंनी हळूच विचारलं.

"काढता कायले? खरं करू ना. शुक्रवारी सात वाजता या."

यादीतली माणसं अशी सापडली, पण यादीबाहेरची गुरुवारी आमच्या दारात आली. "आमचं नाव काऊन नाई बे?" असं म्हणत वीसेक माणसं मला घेरून उभी. त्यांच्या मते माझ्या पेपरानं त्यांचा जाहीर अपमान केला होता. शेवटी त्यांनीच ठरवलं की शुक्रवारी यादीवाल्यांपेक्षा जास्त पोती भरून दाखवायची.

शुक्रवारी सात वाजता नाल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आबांनी पहिली कुदळ मारली आणि ती लागोपाठ तीनदा मारली, कारण पोरीला पाठवायचा व्हिडिओ नीट येत नव्हता. सलीमभाईंच्या ट्रॉलीतून रेती आली. बाया दाभणानं पोत्यांची तोंडं शिवत होत्या. गजाननभाऊ पोतं डोक्यावर घेऊन गेले आणि विलास मागून ओरडला, "भाऊ, छापल्यापरमानं डोक्यावर! खांद्यावर नाई चालत!"

मी काठावर वही घेऊन उभा होतो. वनितानं कात्रण उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "प्रस्तुत वार्ताहरानेही छातीएवढ्या पाण्यात..."

"अगं, गुडघाभर पण पाणी नाही म्हणालीस ना!"

"तिकडं डोह हाये. तिकडून पोती रचत या."

अख्खं गाव काम थांबवून पाहू लागलं. मी डोहात उतरलो. पाणी खरंच छातीएवढं होतं, आणि त्याखाली कमरेएवढा गाळ होता, ज्याचा बातमीत उल्लेख नव्हता! दोन पोती रचली, तिसरं हातातच फाटलं, आणि माझे पाय असे रुतले की पुढे नाही, मागे नाही. मी गाळात उभ्या उभ्या त्या वाक्याच्या लेखकाला शिव्या घालत होतो. शेवटी गजाननभाऊंनी दोर टाकला, आठ-दहा जणांनी ओढला आणि फसलेल्या म्हशीसारखा मी बाहेर आलो. चप्पल बंधाऱ्याच्या पायात गेली. तो तसा भक्कम आहे, त्यात माझाही वाटा आहे.

दुपारी चारपर्यंत भिंत उभी राहिली. शनिवारी साहेब आले तेव्हा पाणी या काठापासून त्या काठापर्यंत तुंबलं होतं. सगळे वाहवा करू लागले, आणि मला वाटलं, सुटलो. तर वनिता पुढे होऊन म्हणाली, "साहेब, एक सांगाचं राह्यलं. बातमी आली तवा हा बंधारा नव्हता. काल बांधला."

मी गजाननभाऊंच्या मागे सरकलो. साहेब खो खो हसले. "बाई, मी बऱ्याच गावांत जातो. बातमी असते, बंधारा नसतो. मागून का होईना, झालेला मी पहिल्यांदाच पाहतोय!"

गजाननभाऊ बाहेरच्या सरपंचांना हात धरधरून दाखवत होते, "हा वरचा थर माह्या हातचा!" त्या घोळक्याकडे पाहून मला गावाचा फार अभिमान वाटला. खोटं छापलं गेलं तर माणसं सहसा छापणाऱ्याला मारतात. आमच्या गावानं ते खरं करून दिलं. बायकोचाही अभिमान वाटला, पण ते तिला अजून सांगितलेलं नाही. ती म्हणेल, आधी होऊ द्या, मग सांगा.

त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा, घडून गेलेल्या घटनेची बातमी लिहिली. एक अक्षर पदरचं नाही. गाळ, दोर, चप्पल, सगळं जसंच्या तसं. पेपरात पाठवली. थोड्या वेळानं तिकडून फोन आला.

"अहो, ही बातमी तर बुधवारीच छापून झाली. आणि खरं सांगू का? ती वाचताना तुम्ही स्वतः तिथं हजर होता असं वाटत होतं. ही कुणाकडून तरी ऐकून लिहिलेली दिसतेय."