चौथीच्या वर्गातला ॲम्प्लिफायर

“मोठ्यानं त कोणीही बोलते. हळू बोलून दाखवा.”

कुणी नवा ॲम्प्लिफायर आणला की माझे एक स्नेही आधी हेच म्हणायचे. मंडपवाला माइकसमोर “हॅलो, हॅलो” असं ओरडू लागला की हात वर करून त्याला थांबवायचे, मान कलती करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मग तो बिचारा पानाचा तोबरा सांभाळत काहीतरी पुटपुटायचा. भोंग्यातून खरखर यायची.

“ऐकलं?” ते डोळे न उघडताच विचारायचे. “फाटून राहिला आवाज.”

लग्नमंडपात असा पाहुणा आला की काय होतं, हे तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. मोहाडीत त्यांना दुसऱ्यांदा आमंत्रण देताना लोक जरा विचार करत.

ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर नागपूर, गोंदियाचे ट्रंक कॉल जोडायचे आणि दूरच्या खरखरीतून माणसांचे शब्द वेचायचे. मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल. आमच्याकडे येणारं इलेक्ट्रॉनिक्सचं इंग्रजी मासिक त्यांच्याशिवाय कुणी उघडत नसे. समितीनं ते बंद करायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी भर बैठकीत एका सभासदाला विचारलं, “मंग कुस्तीचं मासिक कायले घेता जी? ते त तुमी एकलेच वाचता.” दोन्ही मासिकं चालू राहिली.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. मासिक अजून येतं. मी ते नोंदवून मांडणीवर ठेवतो, आणि महिना संपला की तसंच कोरं उचलून कपाटात लावतो.

त्यांच्या पत्नी मुलींच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत, मीही तेच म्हणेन. बाईंचा आवाज मोठा गोड आणि खणखणीत होता. एका वर्षी नागपूरला त्यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, पण आवाज परत आला नाही. समोरच्याच्या कानाशी कुजबुजावं एवढाच उरला. डॉक्टरांनी सांगितलं, आता हाच.

चौथीचा वर्ग कुजबुजून चालत नाही. शाळेनं काही महिने सांभाळून घेतलं. मग कुणीतरी वर कळवलं, आणि शिक्षण खात्याचे साहेब स्वतः वर्गात बसून पाहणार असं ठरलं. शेवटच्या बाकापर्यंत बाईंचं बोलणं पोहोचलं नाही, तर त्यांना प्रकृतीच्या कारणानं घरी बसवणार होते.

“माइक लावून देऊ,” मी म्हणालो. मला ते सोपं वाटलं होतं.

मंडपवाल्याचा संच आणून लावला. बाईंनी कविता वाचायला सुरुवात केली. आवाज मोठा आला, पण त्यात शब्दच नव्हते, नुसता कागद चुरगळल्यासारखा आवाज. मुली हसल्या. लहानच त्या. बाईंनी माइक टेबलावर ठेवला, आणि पुढचे दोन दिवस त्या शाळेत गेल्या नाहीत.

त्यानंतर बाईंच्या यजमानांनी स्वतःच ॲम्प्लिफायर बनवायला घेतला. घरात जिकडेतिकडे तारा, कथिल आणि जळक्या राळेचा वास. मी संध्याकाळी जाऊन बसायचो. मंडपवाल्याच्या संचात असं का झालं, हे त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. “जंगलात झाड कापाले दोघं मिळून आरा ओढतेत, पाहिलं ना? एक इकडं ओढते, एक तिकडं. आपल्या यंत्रात शेवटचे दोन ट्रान्झिस्टर तसेच. पण याचं ओढणं सरलं अन् त्याचं सुरू झालं नाही, तिथं आरा अडकते. मोठ्या आवाजात तेवढं अडकणं खपून जाते. हळू आवाज त सगळाच त्या खाचेत पडते.”

“मग उपाय?”

“दोघांपैकी एकालेही पुरं झोपू द्यायचं नाही. थोडा थोडा करंट चालूच ठेवायचा.”

बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा फिरवून पुन्हा सुरुवातीला आणून सोडायचा, म्हणजे यंत्राला आपली चूक आपणच कळते, हेही त्यांनी जमवलं. माघात यंत्र तयार झालं. बाई त्यातून बोलल्या तेव्हा मी नकळत दाराकडे पाहिलं, कुणी आलं का म्हणून. इतका तो माणसाचा आवाज होता.

चैत्रात ते जळलं. दुसरे ट्रान्झिस्टर घातले, तेही जळले. आमच्याकडचा उन्हाळा त्यांनी हिशेबात धरला नव्हता. ट्रान्झिस्टर तापला की जास्त करंट ओढतो, जास्त ओढला की आणखी तापतो, आणि मग थांबत नाही. करंट कमी ठेवावा तर आवाज फाटतो. त्या आठवड्यात ते कुणाशी धड बोलत नव्हते. बाईंनी जेवायला हाक मारली तरी ती त्यांना ऐकू जायची नाही, आणि मोठ्यानं हाक मारणं बाईंच्या हातात नव्हतं. त्या ताटावर वाटी वाजवायच्या.

शेवटी त्यांनी एक डायोड, धानाच्या दाण्याएवढा, ट्रान्झिस्टर ज्या पत्र्यावर बसवले होते त्याला टेकवून चिमट्यानं बसवला. पत्रा जेवढा तापेल तेवढा डायोडही तापणार, आणि तो आपोआप करंट आवरणार. साहेब यायला दोन दिवस होते.

तो दिवस मी विसरलेलो नाही. शाळेवर टिनाचं छप्पर, दुपारची वेळ. वर्गात स्पीकरची पेटी, बाईंच्या गळ्यात दोरीनं अडकवलेला माइक आणि खिडकीबाहेर व्हरांड्यात यंत्र. यंत्राशेजारी ते आणि मी. साहेब शेवटच्या बाकावर मुलींमध्ये गुडघे आखडून बसले होते.

बाईंनी धडा सुरू केला. स्वच्छ आवाज. मी शेजारी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. सायकलवरून आणताना धक्क्यानं चिमटा निसटला होता. डायोड पत्र्यापासून सुटून हवेत लोंबत होता.

“बंद करा, दोन मिनिटांत लावा,” मी कुजबुजलो.

“आता बंद केलं त साहेब काय लिहीन?”

त्यांनी डायोड पत्र्यावर ठेवला आणि वर बोट दाबून धरलं.

पत्रा किती तापला असेल, ते त्यांच्या जबड्यावरून कळत होतं. मी रुमाल पुढे केला.

“नको. कपडा आला त दाणा कुठं सरकला ते समजत नाही.”

आत बाई नदीचा धडा शिकवत होत्या. उगम, काठ, गाळ. एकेक शब्द मागच्या भिंतीपर्यंत जात होता. साहेबांनी एका मुलीला उठवून प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं. दुसरीला उठवलं. मला वाटलं, हा माणूस आता सगळ्या वर्गाला उठवणार. शेजारून कण्हण्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मी वळून पाहिलं नाही.

साहेब उठले, टोपी नीट केली. मुख्याध्यापिका दारात आल्या होत्या. त्यांना साहेब म्हणाले, “मला सगळं ऐकू आलं. बाईंना शिकवू द्या. मी तसं लिहितो.”

बाईंनी हसून खिडकीकडे पाहिलं. मग जवळ आल्या, खाली वाकल्या, आणि त्यांना ते बोट दिसलं. गळ्यात माइक आहे हे त्या विसरल्या.

“काहून जी, डोकं फिरलं का तुमचं? बोट जाळून घेतलं! मले सांगता येत नव्हतं? नोकरी गेली असती त गेली असती, घरी बसून दोघं भाकर खाल्ली असती. तीन महिने झाले, ना जेवण, ना झोप. हा डब्बाच बायको आहे तुमची! काढा, काढा ते बोट!”

सगळं पेटीतून येत होतं. चौथीच्या मुली तोंडावर हात ठेवून बसल्या, शेजारच्या तिसरीतल्या दारात धावून आल्या. साहेब छपराकडे पाहत उभे राहिले. मुख्याध्यापिका लगबगीनं व्हरांड्यात आल्या आणि त्यांनी बटणाकडे हात नेला.

मुख्याध्यापिकांचा तो हात यजमानांनी आपल्या मोकळ्या हातानं अडवला. दुसऱ्या हाताचं बोट पत्र्यावर तसंच होतं. डोळे मिटलेले.

“राहू द्या, मॅडम,” ते म्हणाले. “बोलू द्या तिले.”