दोन दाती सरपंच

दोष महादेवकाकांचा. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या इंझोरीत म्हाताऱ्या माणसाचं चुकलं असं कोणी म्हणत नाही. म्हणायचं तर आधी स्वतः म्हातारं व्हावं लागतं, आणि मला तेवढा टाइम नाही.

असले किस्से आमच्या ओट्यावर तुरीच्या सुडीसारखे रचून ठेवलेत. एक पेंढी ओढली की सगळी सुडी अंगावर!

ओट्याची कमिटी तिघांची. माझे बाबा, शेजारचे महादेवकाका आणि बैलांना नाल ठोकणारे रहीमचाचा. तिघांचं आयुष्य बैलांत गेलं. आता गल्लीत ट्रॅक्टरच ट्रॅक्टर, बैल औषधालाही नाही. पण ज्ञान तसंच पडून. ते कुठंतरी काढायला पाहिजे ना!

तेवढ्यात मी आलो. पॉलिटेक्निक अर्धवट सोडून, अमरावतीहून, एक बॅग आणि रूममेटनं गळ्यात मारलेला पांढरा ससा घेऊन.

बाबा म्हणाले, "डिप्लोमा आणाले धाडलं होतं, ससा घेऊन आला!"

सशाचं नाव मी सरपंच ठेवलं. दिवसभर बसून खायचा, म्हणून.

*

बैलाचा ओठ उचलून, दात मोजून वय सांगण्यात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. बाजारात त्यांच्या शब्दावर जोड्या विकल्या जायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सरपंचाचा ओठ उचलला.

"दोन दाती हाय. गोऱ्हाच अजून."

मग रोज सकाळी चहाच्या आधी तपासणी. पोळा गेला, दिवाळी गेली, निकाल तोच. "अजून दोनच दाती! वाढच नाई याची."

मी म्हणालो, "काका, सशाले समोर जन्मभर तेवढेच दिसतात."

"तुह्या डिप्लोम्यात होतं काय हे? मंग पुरा काहून नाई केला?"

ओटा हसला. त्याच दिवसापासून सरपंचाचं गवत बंद आणि सरकीची भिजवलेली ढेप अन् डाळीची चुनी चालू. "काड्या चारून अंग भरते काय?" मी चोरून गवत टाकायचो, बाबा उचलून फेकायचे. काकांचा शब्द!

*

एकदा सरपंच मागचा पाय जमिनीवर आपटायला लागला. धप्प! धप्प! असं त्यानं कधी केलं नव्हतं. तिघंही उठले. रहीमचाचांनी पाय हातात घेतला, पंजा दाबून पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला.

"खूर दुखते याचा."

"चाचा, त्याले खूरच नाई. तो कायलेतरी भेला."

"चूप बैस बे. नाल ठोकाले चार हजार बैलं खाली पाडलेत म्या."

पंजाची तपासणी आटोपेपर्यंत आंगणात शिरलेलं कुत्रं चाचांची चप्पल घेऊन पसार! चाचा अनवाणी घरी निघाले. मी मागून ओरडलो, "चाचा, आता तुमालेच नाल ठोका!"

*

हिवाळ्यात सरपंच बदलला. मी कोथिंबिरीची पिशवी वाजवली की उड्या मारत यायचा, तो येईना. आला तरी पान तोंडात धरायचा, फिरवायचा आणि खाली टाकायचा. हनुवटी कायम ओली. मला कॉलेज नाही, नोकरी नाही, मी दिवसभर त्यालाच पाहत होतो. ओट्यावर येऊन सांगितलं, "सरपंच काई खाऊन नाई राह्यला."

रहीमचाचा म्हणाले, "मंग गावातला पहिलाच!"

तिघंही खोकला येईपर्यंत हसले. मी तिथंच उभा.

*

मग सरपंच कोपऱ्यात पाठ करून बसायला लागला. कान पाडलेले, आणि दातांचा कर्रकर्र आवाज. उचलला तर हातात नुसते केस, वजनच नाही. मी मोबाइलवर पाहिलं. ससा असा दात खातो तेव्हा त्याला कळ लागलेली असते. काकांना दाखवलं.

काकांनी कान लावला आणि चेहरा खुलला. "अरे, रवंथ करून राह्यला! रवंथ करते ते जनावर ठणठणीत."

"ससा रवंथ नाई करत, काका!"

"मोबाइलनं सांगतलं काय?"

बाबांना तरी पोटफुगीची शंका आली. ते माळ्यावरून बैलाला तेल पाजायची बांबूची नळी घेऊन आले. नळी सरपंचापेक्षा लांब आणि जवळजवळ तेवढीच जाड. मी म्हणालो, "बाबा, तेल पाजता का त्याले नळीत भरता?"

बाबांनी एकदा नळीकडे पाहिलं, एकदा सशाकडे. मग पहिल्यांदाच म्हणाले, "ने बावा डॉक्टरकडं."

*

कारंज्याला चौघं गेलो. कमिटी घरी थांबणार थोडीच! डॉक्टरीण बाईंनी तोंड उघडलं आणि बॅटरी मारली. खालचे दात वाढून वर वळले होते, टोक टाळूत रुतलेलं.

"चारा काय देता?"

"भिजवलेली ढेप," बाबा म्हणाले.

"सशाचे दात मरेपर्यंत वाढतात. वाळलं गवत चावूनच झिजतात. अजून दोन दिवस असंच राहिलं असतं तर मेला असता. इतक्या दिवसांत याचे दात कोणी पाहिलेच नाहीत का?"

बाबा छताकडे पाहायला लागले. चाचा चप्पल शोधायला लागले, पायातच होती. काका हळूच म्हणाले, "पाह्यले जी. रोज पाह्यले. लांब होते. बैलाचे लांब दात म्हणजे जवान जनावर..."

बाईंनी दात कापले. परत जीपनं निघालो. मला फार बोलायचं होतं, पण काका पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते, आणि गचका आला की त्यावर हात धरत होते.

*

काका ओट्यावर यायचे बंद झाले. इकडं सरपंच वाळलं गवत खायला लागला, पिशवी वाजली की उड्या मारायला लागला. एका सकाळी काका आले. कोणाकडं पाहिलं नाही. सरळ सरपंचापाशी बसले आणि सवयीनं ओठ उचलला.

"अजून दोन..."

सरपंचानं अंगठा धरला, तो सोडेचना! बाबा ओरडले, चाचा ओरडले, मी ओढायला धावलो. काकांच्या डोळ्यांत पाणी, धोतरावर रक्त, आणि चेहऱ्यावर बाजारात जोडी पसंत केल्यासारखा आनंद.

"सोडवू नका त्याले! धार पाह्य धार! आता बरं झालं जनावर!"

अंगठ्याचं नख गेलं, पेराची कातडीही फाटली. रेशनच्या मशीननं अंगठा घेतला नाही. बाकीची बोटं कासरे धरून धरून कधीचीच घासलेली, आणि घरात दुसरं माणूस नाही. काकांचा त्या महिन्याचा गहू-तांदूळ बुडाला.